पाचारणाला जागणे : केडगावच्या मुक्ती मिशनची शिकवण

ख्रिस्ती श्रद्धेत पाचारणाला मध्यवर्ती स्थान आहे. देव माणसाला नावाने हाक मारतो आणि माणसाने त्या हाकेला आपल्या सगळ्या आयुष्याने ओ द्यायची, हा या कल्पनेचा गाभा. बाप्तिस्मा ही या प्रतिसादाची सुरुवात असते. पुढची वाटचाल मरेपर्यंत चालते. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल आपल्या वाचकांना विनवतो, की त्यांचे वागणे या पाचारणाला शोभेल असे असावे. त्यासाठी तो ज्या गुणांची नावे घेतो ते साधे आहेत : नम्रता, सौम्यता, सहनशीलता आणि एकमेकांना प्रेमाने सांभाळून घेणे. चमत्काराची किंवा मोठ्या पराक्रमाची अट त्यात नाही.

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, दौंड तालुक्यातील केडगाव येथे, या कल्पनेचा एक मोठा आणि खडतर प्रयोग सव्वाशे वर्षांपूर्वी सुरू झाला. पंडिता रमाबाईंनी उभारलेले मुक्ती मिशन हे त्याचे नाव. पाचारण कसे ऐकू येते, त्याची किंमत काय असते आणि रोजच्या कामात ते कसे पाळले जाते, हे समजून घेण्यासाठी महाराष्ट्रात याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

हाक कोणाला आणि कशासाठी

युरोपात मध्ययुगात पाचारण हा शब्द मुख्यतः धर्मगुरू, मठवासी आणि जोगिणी यांच्यासाठी वापरला जाई. संसारी माणूस श्रद्धावान असला, तरी त्याच्या व्यवसायाला तो मान नव्हता. 16व्या शतकात जर्मनीत मार्टिन ल्यूथर यांनी ही विभागणी नाकारली. शेतकरी, चांभार, आई, न्यायाधीश या सर्वांना आपापल्या ठिकाणी देवाचे पाचारण असते, आणि शेजाऱ्याच्या उपयोगी पडणारे प्रामाणिक काम ही देवाची सेवाच होय, असे त्यांनी मांडले. कॅथलिक परंपरेतही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये स्पष्ट केले, की पावित्र्याचे पाचारण सर्व श्रद्धावंतांना सारखेच आहे, मग ते दीक्षित असोत वा संसारी.

नव्या करारातच या विचाराचा पाया आहे. पौल स्वतः राहुट्या बनवून पोट भरत असे. येशूच्या रुपयांच्या दाखल्यात धनी आपल्या दासांना त्यांच्या कुवतीप्रमाणे रक्कम सोपवतो आणि परत आल्यावर हिशेब मागतो. मिळालेले जमिनीत पुरून ठेवणारा दास तिथे दोषी ठरतो. मत्तयाच्या त्याच अध्यायात पुढे शेवटच्या न्यायाचे वर्णन आहे. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र आणि आजाऱ्याला भेट यांवर तो न्याय होतो. म्हणून ख्रिस्ती परंपरेत पाचारणाशी इमान राखणे म्हणजे दोन गोष्टी एकत्र सांभाळणे : देवाशी नाते आणि दाराशी आलेल्या माणसाची जबाबदारी.

याच शिकवणीचा एक दुरुपयोगही इतिहासात झाला. ज्या स्थितीत पाचारण झाले त्या स्थितीत राहावे, या करिंथकरांच्या पत्रातील उपदेशाचा आधार घेऊन गुलामाने गुलाम राहावे, गरिबाने गरिबी निमूट सोसावी, असे सांगणारे लोकही होऊन गेले. महाराष्ट्रातील ख्रिस्ती चळवळीचा चांगला भाग या अर्थाच्या विरुद्ध दिशेने गेला. अस्पृश्य मानलेल्या जातींतील मुलांच्या हाती पाटी देणे आणि विधवेला तिचे स्वतःचे आयुष्य परत देणे, ही तिथे पाचारणाची कामे ठरली.

घोडनदी आणि भीमेचा मुलूख

शिरूर आणि दौंड हे भीमेच्या दोन अंगांना पसरलेले तालुके. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने इथला पाऊस बेभरवशाचा, आणि 19व्या शतकात कालव्यांचे पाणी बहुतेक गावांपर्यंत पोहोचलेले नव्हते. शेतसारा आणि सावकारी यांखाली शेतकरी पिचला होता. शिरूर तालुक्यातील करडे गावात 1874 च्या अखेरीस सावकारावर बहिष्कार पडला आणि पुढच्या वर्षी, मे 1875 मध्ये, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे उठाव झाला. इतिहासात तो दख्खनचा दंगा म्हणून नोंदला गेला. लगोलग 1876 ते 1878 चा भीषण दुष्काळ आला.

याच प्रदेशात अमेरिकन मराठी मिशनचे काम चालू होते. या मिशनची सुरुवात 1813 मध्ये मुंबईत झाली आणि 1831 मध्ये अहमदनगर हे त्याचे मोठे केंद्र बनले. नगर आणि पुण्याच्या मध्ये, घोडनदीच्या काठी असलेले शिरूर हे त्याचे एक ठाणे. शाळा चालवणे, आसपासच्या खेड्यांत शिक्षक नेमणे आणि मुलांना हाताचा उद्योग शिकवणे, अशी कामे तिथून होत. अहमदनगरहून 1842 मध्ये निघालेले 'ज्ञानोदय' हे नियतकालिक या मंडळींचे व्यासपीठ होते. गावाच्या वेशीबाहेर ठेवलेल्या मुलाला मास्तर होण्याची वाट अशा शाळांतून दिसू लागली. मात्र गावाने बाप्तिस्मा घेणाऱ्याला पाण्यापासून आणि बलुत्यापासून तोडावे, हेही घडत असे. आणि मंडळीत आल्यावर जातीचा भेद सहजी मागे पडत नसे. पाचारणाला जागणे हे त्या काळच्या खेड्यातील श्रद्धावंताला रोजच्या जगण्यातच महाग पडे.

दौंड हे तेव्हा रेल्वेमुळे वाढणारे गाव होते. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग इथून जात होता आणि 1878 मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाल्यावर ते जंक्शन बनले. पुणे आणि दौंड यांच्या मधले केडगाव हे साधे स्थानक पुढे जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्यांना माहीत झाले, ते रमाबाईंमुळे.

रमाबाईंची वाट

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण विद्वान. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये हा नियम झुगारून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवले, आणि लक्ष्मीबाईंनी पहाटेच्या वेळी मुलीला पाठ दिले. कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणे सांगत देशभर फिरत असे. 1870 च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण यांचा उपासमारीने मृत्यू झाला. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास अनवाणी चालत, मिळेल ते खात, 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेऊन तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' हे किताब दिले.

पुढची चार वर्षे आघातांची होती. 1880 मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने आंतरजातीय विवाह केला. 1881 मध्ये मुलगी मनोरमा झाली आणि 1882 च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेला. तान्ह्या मुलीला घेऊन रमाबाई पुण्यात आल्या. आर्य महिला समाजाची स्थापना, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक आणि शिक्षणविषयक हंटर आयोगापुढची साक्ष ही सगळी कामे 1882 मधलीच. मुलींसाठी शिक्षिका आणि स्त्री रुग्णांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात, असे त्यांनी आयोगापुढे ठासून सांगितले.

स्वतः डॉक्टर व्हावे म्हणून त्या 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या, पण कानाने कमी ऐकू येत असल्याने तो बेत सोडावा लागला. वाँटेज येथील जोगिणींच्या आश्रमात राहत असताना त्यांनी लंडनजवळ फुलहॅमला याच जोगिणींचे एक काम पाहिले. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांना तिथे आसरा, काम आणि माया मिळत होती. अशा स्त्रियांशी इतक्या ममतेने कोणी वागते, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिले. त्यामागची प्रेरणा विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील येशू आणि शोमरोनी स्त्रीची कथा वाचायला मिळाली. पुण्यात ओळख झालेले नीळकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोरे यांच्या लेखनाचाही त्यांच्या मनावर परिणाम झाला. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात याचे तीव्र पडसाद उमटले. जोतीराव फुले यांनी मात्र 1885 मध्ये 'सत्सार' या पुस्तिकेतून रमाबाईंची बाजू घेतली. तिकडे इंग्लंडमध्येही रमाबाई कोणाच्या मुठीत राहिल्या नाहीत. चर्चने सांगितलेली प्रत्येक गोष्ट निमूट मानायला त्यांनी नकार दिला. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून दीर्घ वाद घातला. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असा सल्ला बिशपांनी दिला, तेव्हाही त्यांनी आपले म्हणणे स्पष्ट मांडले. शाकाहार आणि भारतीय पेहराव त्यांनी सोडला नाही. आपल्या सदसद्विवेकाचा मालक देवाखेरीज दुसरा कोणी नाही, ही त्यांची धारणा होती. पाचारणाची ही एक महत्त्वाची बाजू आहे : हाक देवाची असेल, तर तिचा अर्थ लावण्याचा मक्ता कुठल्याही माणसाकडे किंवा संस्थेकडे जात नाही.

शारदासदनाची कसोटी

1886 मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या. तिथे डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाला त्या हजर होत्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक 1887 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे मदत करण्याची जबाबदारी तिने घेतली. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीवर शारदासदन उघडले आणि 1890 मध्ये ते पुण्यात आले.

शारदासदनाचा नियम धार्मिक तटस्थतेचा होता. मुलींना आपापल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक होती. पहिल्या विद्यार्थिनींतील बालविधवा गोदूबाई यांनी 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि पुढे आनंदीबाई कर्वे म्हणून त्या ओळखल्या गेल्या. हिंदू राहूनच त्यांनी स्त्रीशिक्षणाच्या कामाला हातभार लावला. रमाबाईंच्या कामाचे हे फळ धर्मांतराच्या चौकटीबाहेरचे आहे आणि तितकेच मोलाचे आहे.

रमाबाई स्वतः मात्र आपली प्रार्थना लपवून करायला तयार नव्हत्या. त्यांच्या खोलीचे दार उघडे असे आणि ज्या मुलींना वाटे त्या आत येऊन बसत. काही मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे झाल्यावर 1893 मध्ये पुण्यात मोठा वाद पेटला. 'केसरी'ने कडक टीका केली. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे शारदासदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुलींना काढून नेले. तटस्थतेचा शब्द मोडला, अशी सल्लागारांची भावना होती. आपण कोणावर जबरदस्ती केली नाही आणि स्वतःची श्रद्धा झाकून ठेवण्याचे वचनही दिले नव्हते, असे रमाबाईंचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंची माणसे प्रामाणिक होती, म्हणूनच हा वाद आजही विचार करायला लावतो. श्रद्धा उघडपणे जगणे आणि आपल्यावर अवलंबून असलेल्या अल्पवयीन मुलींच्या मनाचे स्वातंत्र्य जपणे, ही दोन्ही कर्तव्ये एकाच छपराखाली पेलणे कठीण असते. समाजातील प्रतिष्ठित मित्र गमावूनही रमाबाईंनी शारदासदन बंद केले नाही.

दुष्काळ आणि मुक्ती

1891 च्या सुमारास रमाबाईंच्या आंतरिक जीवनात बदल झाला होता. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्ताची व्यक्तिगत ओळख आपल्याला नव्हती, असे त्यांना जाणवले, आणि त्यांनी स्वतःला नव्याने त्याच्या हाती सोपवले. ब्रिस्टलला हजारो अनाथांना केवळ प्रार्थनेच्या भरवशावर सांभाळणारे जॉर्ज म्यूलर आणि चीनमध्ये काम करणारे हडसन टेलर यांची चरित्रे त्यांनी वाचली. भारतातही असे विश्वासावर उभे राहणारे काम का होऊ नये, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहिला.

शारदासदनाला स्वतःचे उत्पन्न असावे म्हणून त्यांनी केडगावला सुमारे 100 एकर जमीन घेतली होती. तिथे विहिरी खणल्या, फळझाडे लावली. या माळरानाचे प्रयोजन काय, हे 1896-97 च्या दुष्काळाने ठरवले. मध्य प्रांतात माणसे अन्नावाचून मरत असल्याच्या बातम्या आल्या आणि वीस वर्षांपूर्वीची स्वतःची उपासमार त्यांना आठवली. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे 300 मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती. शहरात नव्या मुली ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. म्हणून सर्वांना केडगावला नेले गेले. राहुट्या आणि गवताच्या खोपटांतून मुक्तीसदनाचा जन्म झाला.

1897 मध्येच प्लेगच्या रुग्णालयातील व्यवस्थेवर आणि स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या वृत्तपत्रात जाहीर टीका केली. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत म्हणून गप्प बसणे त्यांना मान्य नव्हते.

पुढे 1899-1900 मध्ये गुजरातेत 'छप्पनिया' नावाने ओळखला गेलेला दुष्काळ पडला. तिकडूनही मोठ्या संख्येने मुली आल्या आणि केडगावच्या रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. इतक्या माणसांच्या अन्नाची, पाण्याची आणि औषधाची सोय त्या कोरडवाहू माळावर करायची होती. बोस्टनच्या संस्थेची दहा वर्षांची मुदत 1898 मध्ये संपली होती. निश्चित उत्पन्नाची हमी नसताना रमाबाईंनी दार लावून घेतले नाही.

मुक्तीच्या विभागांकडे पाहिले की एका आयुष्याचा आलेख दिसतो. दुष्काळात आईबाप गमावलेल्या बाईने दुष्काळग्रस्त मुलींसाठी मुक्तीसदन उभारले. फुलहॅमला जे पाहिले त्यातून फसवल्या गेलेल्या, टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन आले. बालविधवांसाठी शारदासदन होतेच. वृद्ध आणि अपंग स्त्रियांसाठी प्रीतिसदन, अंध स्त्रियांसाठी शुभवर्तमानातील आंधळ्या बार्तीमयाच्या नावाने ओळखले जाणारे सदन आणि मुलग्यांसाठी सदानंदसदन अशी भर पडत गेली. पाचारण आकाशातून वेगळे उतरत नाही. स्वतः सोसलेले दुःख आणि समोर उभी असलेली गरज जिथे भेटतात तिथे ते ऐकू येते, हे केडगावच्या रचनेतून उमगते.

श्रम आणि प्रार्थना

मुक्तीत येणाऱ्या मुलींना दयेचे अन्न खात बसून राहायचे नव्हते. प्रत्येकीला लिहायला-वाचायला शिकवले जाई आणि प्रत्येकीच्या हाताला काम असे. शेती, दूधदुभते, विणकाम, शिवणकाम, तेलघाणा, स्वयंपाक, रुग्णसेवा आणि छापखाना ही कामे त्याच करत. छापखान्यातील खिळे जुळवण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंतची कौशल्ये त्या काळी पुरुषांची मानली जात. केडगावला ती मुलींच्या हाती होती. अंध स्त्रिया ब्रेल लिपी शिकत आणि हाताची कामे करत.

यामागे पाचारणाचा तोच जुना विचार होता. शेण काढणे, जुळणी करणे आणि उपासना चालवणे यांत पवित्र आणि अपवित्र असा भेद नाही. उच्चवर्णीय विधवा आणि खालच्या मानलेल्या जातीतील दुष्काळग्रस्त मुलगी एकाच अंगणात काम करत, शिकत आणि प्रार्थना करत, ही गोष्ट त्या काळच्या मानाने धाडसाची होती. रमाबाई स्वतः जाड्याभरड्या पांढऱ्या वस्त्रात राहत आणि मुलींच्या बरोबरीने कामाला उभ्या राहत.

जानेवारी 1905 मध्ये रमाबाईंनी पुनरुज्जीवनासाठी रोजची खास प्रार्थना सुरू केली. प्रथम सत्तरेक जणी जमत. काही महिन्यांत ती संख्या साडेपाचशेपर्यंत गेली. जूनअखेरीस मुक्तीत मोठे आध्यात्मिक भरते आले. मुली रडत पापांची कबुली देत, मोठ्याने एकाच वेळी प्रार्थना करत, रात्र रात्र जागत. काही पाश्चात्त्य मंडळींना हा प्रकार बेशिस्त वाटला. भारतीय स्त्रियांनी आपल्या भावना आपल्या रीतीने व्यक्त कराव्यात, त्यांना परदेशी शिस्तीचे कुंपण घालू नये, अशी भूमिका रमाबाईंनी घेतली. मराठी चालींवरची भजने आणि टाळ्यांची साथ उपासनेत आली.

याचे पडसाद फार दूर गेले. मुक्तीत काम करणाऱ्या अमेरिकन मिशनरी मिनी एब्रम्स यांनी या अनुभवांवर लिहिलेली पुस्तिका दक्षिण अमेरिकेतील चिलीपर्यंत पोहोचली, आणि 1909 मध्ये तिथे सुरू झालेल्या पेन्टेकोस्टल चळवळीला तिने चालना दिली. या जागतिक चळवळीचा उगम सांगताना इतिहासकार आता लॉस एंजेलिसच्या 1906 मधील सभांबरोबर केडगावचेही नाव घेतात. याचा परिणाम मुक्तीतही दिसला. कित्येक तरुण स्त्रिया गट करून आसपासच्या खेड्यांत शुभवर्तमान सांगायला आणि आजाऱ्यांची विचारपूस करायला जाऊ लागल्या. काही वर्षांपूर्वी ज्यांना कोणी उचलून आणले होते, त्या आता दुसऱ्यांकडे जात होत्या.

सोप्या मराठीतले पवित्र शास्त्र

आयुष्याच्या शेवटच्या पंधरा-सोळा वर्षांत रमाबाईंनी मुख्यतः एक काम हाती धरले : पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर. प्रचलित भाषांतरे संस्कृतप्रचुर असल्याने नुकतीच अक्षरओळख झालेल्या बाईला कळत नाहीत, असे त्यांचे निरीक्षण होते. म्हणून संस्कृतची ही पंडिता उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि मूळ भाषांवरून बोलीच्या जवळच्या मराठीत भाषांतर करू लागली. ते छापलेही केडगावच्या छापखान्यात, मुलींच्या हातांनी. ज्या विद्वत्तेसाठी कलकत्त्याने किताब दिले होते, ती सगळी विद्वत्ता त्यांनी खेड्यातील साध्या वाचकाच्या पायाशी ठेवली. भाषांतर त्यांच्या हयातीत पूर्ण झाले. संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये प्रकाशित झाला.

1919 मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. मनोरमाबाईंनी आईच्या कामात स्वतःला वाहून घेतले होते. शारदासदनाच्या शाळेची जबाबदारी त्यांनी सांभाळली आणि गुलबर्गा येथेही मुलींच्या शिक्षणाचे काम उभे केले. 1921 मध्ये मिरज येथे त्यांचे निधन झाले. एकुलत्या मुलीच्या जाण्यानंतरही रमाबाईंनी भाषांतराची मुद्रिते तपासणे थांबवले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी केडगावलाच त्यांची प्राणज्योत मालवली.

त्याच काळातली आणखी एक वाट

पाचारणाला जागण्याचा एकच साचा नसतो, हे नारायण वामन टिळक यांच्या जीवनावरून दिसते. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अहमदनगरला अनेक वर्षे काम केले. अभंग आणि कीर्तन या मराठी भक्तिपरंपरेच्या वाटांनी ख्रिस्त सांगता येतो, असा त्यांचा विश्वास होता. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, अशी त्यांची इच्छा होती. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाच वर्षे स्वतंत्रपणे विचार करून 1900 मध्ये ख्रिस्ती झाल्या. पतीच्या मागोमाग फरफटत जाणे त्यांनी नाकारले. त्यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र मराठी साहित्याचा ठेवा आहे. रमाबाईंनी संस्था उभी केली, टिळकांनी गाणी दिली, लक्ष्मीबाईंनी संसारातून आणि लेखणीतून साक्ष दिली. तिघांची हाक एकच होती, उत्तरे वेगवेगळी होती.

पाचारणाच्या खुणा

या उदाहरणांवरून पाचारणाशी इमान राखणाऱ्या जीवनाच्या काही खुणा सांगता येतात. पहिली खूण सातत्याची. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मधला. त्यानंतरची 39 वर्षे त्यांनी त्या निर्णयाचा अर्थ टप्प्याटप्प्याने जगून दाखवला. दुसरी खूण विवेकाच्या स्वातंत्र्याची. पुण्यातील सनातनी, वाँटेजच्या जोगिणी आणि ब्रिटिश अधिकारी या सर्वांशी त्यांचा मतभेद झाला, पण कोणाचाही द्वेष त्यांनी कामाच्या आड येऊ दिला नाही.

तिसरी खूण श्रमाच्या प्रतिष्ठेची. मंडळीतील उपासना आठवड्यातून एकदा होते. शेत, दुकान, शाळा, दवाखाना आणि स्वयंपाकघर रोज असते. वजनात चोख असणारा दुकानदार, लाच न घेणारा कारकून, दुर्बल विद्यार्थ्याकडे जास्त लक्ष देणारी शिक्षिका आणि सासूची सेवा कुरकुर न करता करणारा जावई हे सगळे आपापल्या जागी पाचारण पाळत असतात. चौथी खूण दुर्बलांच्या बाजूने उभे राहण्याची. ज्या कामातून परतफेडीची शक्यता नाही, त्या कामात निष्ठेची परीक्षा होते. पाचवी खूण अशी, की मदत घेणारा माणूस कायमचा मिंधा राहत नाही. तो स्वतः देणारा होतो. मुक्तीतील मुली शिक्षिका, परिचारिका आणि जुळारी झाल्या, यातच त्या कामाची सचोटी दिसते.

ही निष्ठा एकट्याच्या बळावर टिकत नाही, असे ख्रिस्ती शिकवण सांगते. प्रार्थना, पवित्र शास्त्राचे वाचन, मंडळीची संगत आणि चुकल्यावर क्षमा मागून परत उठण्याची तयारी यांवर ती पोसली जाते. रमाबाईंच्या मुक्तीत पहाटेच्या प्रार्थनेनंतरच कामाची घंटा होत असे, ते याच समजुतीने.

भारत सरकारने 1989 मध्ये रमाबाईंच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. केडगावचे पंडिता रमाबाई मुक्ती मिशन आजही चालू आहे, आणि निराधार स्त्रिया, मुले व अंध व्यक्ती यांना तिथे आसरा आणि शिक्षण मिळते. दुष्काळाचे स्वरूप बदलले, तरी टाकलेली बाई, शाळाबाह्य मूल आणि एकटे पडलेले म्हातारपण भीमेच्या खोऱ्यात अजून आहे. जोवर या माणसांची हाक उठते आहे, तोवर ख्रिस्ती पाचारणाचे कामही शिल्लक आहे, आणि ते करण्यासाठी पंडिता असण्याची गरज नाही.